चिमी आत आली का

हुबळी, दाजीबानपेठ
रविवार, २७ नोव्हेंबर १९८३

ती. अंबूअक्कास नमस्कार.

आज दुकान बंद. सकाळी सहाला नळाला पाणी आलं, आठपर्यंत होतं. सगळं भरून घेतलं. दुपारी भात आणि आमटी केली. मी जेवलो. पार्वती जेवली नाही. आता चार वाजले आहेत.

लीलाला जाऊन अठरा दिवस झाले. तेरावा सोमवारी झाला. अळणावराकडून पार्वतीचा भाऊ परशुराम आला होता, त्याने सगळी धावपळ केली. तुझ्या पायाला प्लास्टर असल्यामुळे तुला येता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. तार मिळाली होती.

पार्वती दिवसाकाठी वाटीभर पेज घेते, तीही मी समोर बसलो तर. रडत नाही. रोज एकदा एकच विचारते, "चिमी आत आली का?" मी काही बोलत नाही. मग ती भिंतीकडे तोंड करते.

तुझी टीव्हीच्या गोष्टींची पत्रं दर मंगळवारी यायची. त्यांच्यावर लीलाने अंथरुणातले चौदा महिने काढले. मायलेकींची शाळा कानडी, दोघींना मराठी बोलता येई पण वाचता येत नसे, म्हणून मी वाचून दाखवायचो, हे तुला ठाऊक आहे. शेवटच्या मंगळवारी चिमी यानाच्या बाहेर राहिली. तेवढ्यासाठी पार्वती अडून बसली आहे.

एक काम कर. येत्या पत्रात लिही की चिमी सुखरूप आत आली. दोन ओळी पुरेत. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

पुंडलिक


पुणे, कसबा पेठ
४ डिसेंबर १९८३

चि. पुंडलिकास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दत्तालाही वाचायला दिलं. मला सांग, चिमी कोण?

मी तुला दोन मालिकांबद्दल लिहायचे. शनिवारी संध्याकाळी ती चित्रांची. त्यात तो ढेरपोट्या आहे, त्याला मी जाडोबा म्हणते, कारण खरं नाव इंग्रजी आहे आणि माझ्या तोंडात बसत नाही. त्याची बायको, त्याची सासू आणि एक आगाऊ पोपट. दर शनिवारी जाडोबा काहीतरी शहाणपणा करायला जातो आणि छपरावरून पडतो. त्यांना मूलबाळ नाही. आणि रविवारी सकाळी ती अवकाशयानाची. त्यात खरी माणसं आहेत, तो उंच कॅप्टन आहे, डॉक्टर आहे. ह्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जाडोबा कधी यानात गेला नाही आणि यानात कुणी लहान मुलगी नाही. दोन दोन वर्षं मी बघते आहे, मला कळणार नाही का?

पुंडलिक, तू नीट झोपतोस ना? एकदा तरी रडलास का? लहानपणी तुला विंचू चावला तेव्हाही तू गप्प बसून राहिला होतास. आई म्हणायची, ह्याचं दुखणं आपणच शोधून काढावं लागतं. दत्ता म्हणतो मामांना इकडे घेऊन येऊ. पार्वतीला दूध-पोहे दे. पेजेत काही ताकद नसते.

अक्का


हुबळी
रविवार, ११ डिसेंबर १९८३

ती. अक्कास नमस्कार.

माझं डोकं ठिकाणावर आहे. तुझ्यापासून लपवलं होतं ते लिहितो.

गेल्या वर्षी लीला इस्पितळातून घरी आली. हृदयाची झडप गेली आहे, उठायचं नाही, असं सांगून पाठवली होती. त्या आठवड्यात तुझं पत्र आलं. इनलँडमध्ये जागा कमी, म्हणून तू दोन्ही मालिका एकाखाली एक, मध्ये ओळही न सोडता लिहिल्या होत्यास. मी तसंच वाचत गेलो. जाडोबा शिडीवरून पडला आणि लगेच यान वादळात सापडलं. लीला म्हणाली, "अप्पा, जाडोबा यानात काय करतोय?"

ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी सांगायला हवं होतं. पण ती हसत होती. इस्पितळातून आल्यावर पहिल्यांदा. मी म्हणालो, "नोकरीला लागलाय. यानातले दिवे बदलायला."

मग ते सुटलं नाही. जाडोबा गेला म्हणून बायको गेली. सासूला एकटी कशी ठेवायची, म्हणून ती गेली. पोपट कॅप्टनच्या खुर्चीवर बसू लागला. मग एकदा लीलाने विचारलं, "त्यांना मुलगी नाही?" मी म्हणालो, आहे. नाव विचारलं तेव्हा चिमी म्हणालो. तुझं पत्र मी समोर धरायचो, थोडं तुझं वाचायचो, थोडं माझं घालायचो. दोघींना अक्षर लागत नव्हतं, त्यामुळे कळायचा प्रश्न नव्हता. पार्वती चुलीपुढून ऐकायची.

इथे टीव्हीचं केंद्र होणार असं गावात बोलतात. लीला त्याची वाट बघत होती, चिमी कशी दिसते ते बघायला. ते केंद्र उशिरा व्हावं असं मला वाटायचं. माझं ते ऐकलं गेलं म्हणायचं.

आठ तारखेला मंगळवार होता. दुपारी दुकान बंद करून घरी आलो आणि वाचायला बसलो. यानाच्या बाहेरचा दिवा गेला होता. जाडोबा दारात मावेना, म्हणून चिमी दोर बांधून बाहेर गेली. लीलाने विचारलं, "अप्पा, चित्रातली माणसं त्या खऱ्या माणसांच्या यानात गेली तर मरतात का?" मी नाही म्हणालो. साडेतीनला तारिहाळच्या कारखान्याचं गिऱ्हाईक गणवेशांच्या बटणांसाठी येणार होतं. मी उठलो आणि म्हणालो, उरलेलं गुरुवारी. नेहमी तसंच म्हणायचो, तिला पुढचा दिवस लागावा म्हणून.

बुधवारी सकाळी अकराला ती गेली. मी दुकानात होतो.

आता पार्वतीला पुढचं मी सांगू शकत नाही. तुझं जुनं पत्र हातात घेऊन दोनदा बसलो. तोंडातून काही येत नाही. लिहिलेलं असलं तर वाचता येईल. म्हणून तू लिही.

पुंडलिक


पुणे
१७ डिसेंबर १९८३

चि. पुंडलिकास आशीर्वाद.

काय लिहू? शाळेत तुझे सगळे निबंध मी लिहून दिले. माझी आवडती गाय म्हटलं तरी तुला तीन ओळींपुढे सुचायचं नाही. आणि तू सासूला यानात बसवलीस. हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावला.

पण पुंडलिक, हे माझ्याच्याने होणार नाही. गेलेल्या पोरीच्या नावाने खोटं लिहून मी तिच्या आईच्या हातात कसं देऊ? आज चिमी आत आली म्हणून सांगशील, उद्या पार्वती विचारेल मग लीला का नाही आली. तेव्हा काय सांगशील?

लीलाने विचारलेलं मी दत्ताला विचारलं. तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. म्हणाला, शनिवारची चित्रातली माणसं मरत नाहीत. जाडोबावरून रोडरोलर गेला तरी तो पापडासारखा उठतो, अंग झटकतो आणि जेवायला बसतो. रविवारच्या यानात मात्र दर वेळी कुणीतरी कामी येतं आणि ते पुढच्या रविवारी दिसत नाही. तुझी पोर ह्याच्यातली म्हणायची की त्याच्यातली, ते मला सांगता येत नाही. तू आणलीस, तूच ठरव.

मी लिहिणार नाही. रागावू नकोस.

अक्का


हुबळी
गुरुवार, २२ डिसेंबर १९८३

ती. अक्कास नमस्कार.

मंगळवारी पार्वती मोरीत पडली. कळशी उचलायला गेली आणि बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांना आणलं. त्यांनी बाटली लावली. म्हणाले, आजार काही नाही, पोटात अन्न नाही, आणखी पंधरा दिवस असेच गेले तर मला बोलावू नका. शुद्धीवर आल्यावर तिने मला तेच विचारलं.

तू म्हणतेस ते मी मानतो. खोटं आहे. पण मी चौदा महिने खोटं वाचलं आणि त्यावर लीला जगली. डॉक्टरांनी सहा सांगितले होते.

चिमी चित्रातली आहे. जाडोबाची मुलगी आहे, मग चित्रातलीच नाही का? शनिवारचा नियम तिला लागतो. ती मरू शकत नाही. एवढंच लिही. मला दुसरं कोणी नाही. शेजारी विचारतात, दुकानात गिऱ्हाइकं विचारतात, मी बरं आहे म्हणतो. तुला कधी काही मागितलं नाही. पाया पडतो.

पुंडलिक


पुणे
२८ डिसेंबर १९८३

चि. पुंडलिकास आशीर्वाद.

खालचं पार्वतीला वाचून दाखव. हे माझ्याकडून पहिलं आणि शेवटचं. देवापुढे बसून क्षमा मागितली आहे.

तर त्या दिवशी चिमी बाहेर दिवा लावत होती. जाडोबाने दोर कमरेला गुंडाळला होता. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, झोप लागली की काय. तेवढ्यात वारा आला. (दत्ता म्हणतो तिथे वारा नसतो. असू दे.) दोर ताणला. पोपट ओरडला. मग सगळ्यांनी मिळून ओढलं. कॅप्टन पण आला. आणि चिमी आत आली. तिला लागलं नव्हतं. तिच्या आईने तिची दृष्ट काढली आणि गरम दूध दिलं. दिवा पण लागला होता. मग सगळी जेवायला बसली. श्रीखंड होतं.

मला एवढंच जमलं.

अक्का


हुबळी
गुरुवार, ५ जानेवारी १९८४

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र परवा मंगळवारी आलं. दुपारी दुकान बंद करून घरी आलो आणि त्याच जागी बसून वाचलं. एक शब्द कमी केला नाही, वाढवला नाही.

पार्वतीने शेवटपर्यंत ऐकलं. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. झाल्यावर विचारलं, "हे अक्कांनी लिहिलंय?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "चांगलं लिहिलंय." मग उठून तिने लुगडी बांधायला घेतली. काल परशुराम आला आणि तिला घेऊन गेला. जाताना मी पिशवी दारापर्यंत नेली.

चिमी आत आली तरी ती जेवली नाही. आता माझ्याकडे काही उरलं नाही, अक्का. बहुतेक तिने ओळखलं की हे खोटं आहे आणि मी तिला फसवलं. लीलालाही फसवत होतो हे तिला कळलं असेल. ती परत येणार नाही असं वाटतं. तुला त्रास दिला.

दुकान उघडतो. पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

पुंडलिक


अळणावर
९ जानेवारी १९८४

वन्संना पार्वतीचा नमस्कार.

हे पत्र माझी भावजय राधा लिहिते आहे. ती खानापूरकडची, मराठी शाळेत शिकलेली. मी सांगते तसं ती लिहिते.

तुम्ही माझ्यासाठी लिहिलंत, त्याबद्दल राग नाही. पण तुमच्या भावाला एक ठाऊक नाही. ते गोष्ट स्वतः करून सांगतात हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. लीलानेच मला दाखवलं. ते वाचताना अंगठा ओळीबरोबर खाली नेतात. स्वतःचं सांगायला लागले की अंगठा एका जागी थांबतो. लीला मला खुणेने दाखवायची, थांबला बघ आई. मग आम्ही दोघी नीट ऐकायचो. तुमचं ऐकताना ती डोळे मिटून पडायची. माफ करा, खरं ते सांगते.

टीव्ही आला की चिमी बघायची असं ती मुद्दाम म्हणायची. त्यांचं तोंड कसं होतं ते बघायला. मग मागाहून म्हणायची, अप्पांना सांगू नको हं, थांबवतील.

लग्नाला सतरा वर्षं झाली. माझ्याशी ते एवढं कधी बोलले नाहीत. ते पोरीशी बोलायचे आणि मी चुलीपुढे बसून ऐकायचे, तोच माझा वाटा. पोर गेली आणि त्यांचं बोलणं संपलं. दोन महिने झाले, जेव आणि नीज ह्यापलीकडे शब्द नाही. आम्ही दोघं घरात दोन खांबांसारखी आहोत. मी रोज चिमीचं विचारते ते मला वेड लागलं म्हणून नाही. तेवढं एकच दार मला माहीत होतं, ते वाजवत होते. अन्न मी हट्टाने सोडलं नाही. गिळवत नाही.

त्या मंगळवारी त्यांचा अंगठा शेवटच्या ओळीपर्यंत सरकत गेला. तेव्हा मला कळलं की ते बोलणार नाहीत. म्हणून इकडे आले.

चिमीला बाहेर त्यांनी पाठवलं. पुढे काय झालं ते त्यांनीच सांगायला पाहिजे. कसंही असो.

पार्वती


पुणे
१६ जानेवारी १९८४

पुंडलिक,

सोबत पार्वतीचं पत्र जोडलं आहे. वाच.

मी दुसरं काही लिहीत नाही. माझं एकही पत्र बरोबर नेऊ नकोस. हात मोकळे ठेवून जा.

अक्का


हुबळी
रविवार, २९ जानेवारी १९८४

ती. अक्कास नमस्कार.

आज दुकान बंद. सकाळी केस कापून आलो. दुपारी कालचा भात फोडणीला घातला. पार्वतीचं पत्र आल्यापासून रोज एकदा वाचतो. अंगठ्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी दुकान बंद ठेवून अळणावरला गेलो होतो. सव्वीस जानेवारी होती, धारवाडला शाळांच्या मिरवणुकीमुळे बस अर्धा तास थांबली. चिमी आत आली, असं सांगायचं ठरवून निघालो होतो. खिडकीपाशी बसून दोनदा हळू म्हणून पाहिलं. शेजारच्या माणसाने कानडीत विचारलं, मला काही म्हणालात का?

परशुराम शेतावर होता. पार्वती पडवीत शेंगा फोडत बसली होती. फार वाळली आहे. राधा पाणी देऊन आत गेली. मी समोर बसलो. मीही शेंगा फोडायला घेतल्या, मग त्या खाली ठेवल्या. तू हात मोकळे ठेव म्हणाली होतीस.

मी सांगायला लागलो. जाडोबाने दोर ओढायला घेतला. त्याच्या मागे बायकोने धरला, तिच्या मागे सासूने, मग कॅप्टनने. पोपट गप्प होता. दोर हलका लागत होता. जाडोबाला ते पहिल्या हातालाच कळलं. पण मागच्यांना त्याने सांगितलं नाही. दोर जड असल्यासारखा तो ओढत राहिला.

पार्वती शेंगा फोडायची थांबली. "किती वेळ?"

"सगळा दोर आत येईपर्यंत."

"आणि टोकाला?"

अक्का, तिथे मी ठरवलेलं म्हणणार होतो. शनिवारचा नियम मला पाठ होता. पण ती माझ्याकडे बघत होती आणि मला ते म्हणता आलं नाही. मी म्हणालो, "टोकाला कोणी नव्हतं."

मग मला पुढे बोलता येईना. राधा आतून आली आणि परत गेली. लहानपणी विंचू चावला तेव्हाचं तू लिहिलं होतंस. तसं ह्या वेळी झालं नाही, एवढंच लिहितो. पार्वतीने माझ्यापुढच्या शेंगा बाजूला सारल्या. तिचाही आवाज मी नऊ नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा ऐकला, म्हणजे रडण्याचा.

दुपारी तिने अर्धी भाकरी खाल्ली, झुणक्याबरोबर. राधाने दुसरी अर्धी पुढे केली तर नको म्हणाली. अर्धी खाल्ली हे मी स्वतः पाहिलं.

निघताना तिला चल म्हणालो. ती म्हणाली, अजून नाही. त्या खोलीत पाय टाकवणार नाही. मी पिशवी उचलली तेव्हा तिने विचारलं, "मग जाडोबाने काय केलं? दोर आत आल्यावर?"

मी म्हणालो, "ते मला अजून माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली. "उरलेलं गुरुवारी सांगा."

तेव्हापासून मी त्याचाच विचार करतो आहे. गिऱ्हाइकाला हिरव्याऐवजी निळा दोरा दिला. जाडोबा परत दिवे बदलायला जाईल का, की दोर गुंडाळून तसाच बसेल? सासू त्याला काय म्हणेल? काही सुचत नाही. गुरुवारपर्यंत सुचलं नाही तर तसंच सांगेन की सुचलं नाही. जाणार मात्र आहे. दुकान दर गुरुवारी बंद राहील, तशी पाटी लावली आहे.

तू दर आठवड्याला लिहीत जा. टीव्हीचं नको, तुमच्या घरचं लिही. पाय कसा आहे ते कळव.

आता पाच वाजले. आज सकाळी नळाला पाणी आलं नव्हतं, ते आत्ता आलं, घागरीत पडल्याचा आवाज येतो आहे. तिघांची भांडी मांडून ठेवायची सवय आहे, तशीच मांडली होती. भरून घेतो.

पुंडलिक